‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’: पहिलं परीक्षण लिहिणाऱ्यांसाठी

काही वर्षांपूर्वी आमच्या वाचनालयाने वार्षिक अंकासाठी माझ्याकडे एका पुस्तकाचं परीक्षण मागितलं. मी ज्यूल व्हर्नची ऐंशी दिवसांत जगाला फेरी मारण्याची कादंबरी निवडली. लहानपणी वाचलेली, आवडलेली, त्यामुळे पुन्हा हातात न घेताच लिहायला बसले. पहिल्याच परिच्छेदात लिहिलं, की फिलिअस फॉग आणि त्याचा नोकर पासपार्तू बलूनमध्ये बसून निघतात. अंक छापून आला. आठवड्याने एक निवृत्त शिक्षिका वाचनालयाच्या काउंटरपाशी भेटल्या. अंक उघडून, त्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी शांतपणे विचारलं, “अगं, हे बलून कुठल्या प्रकरणात आहे? मला एकाच ठिकाणी सापडलं, आणि तिथे तर लेखक म्हणतो की ते जमण्यासारखं नाही.”

त्यांचं बरोबर होतं. फॉग या कादंबरीत बलूनमध्ये बसतच नाही. बत्तिसाव्या प्रकरणात, न्यूयॉर्कला बोट चुकल्यावर, अटलांटिक ओलांडायला बलूनचा विचार क्षणभर येतो आणि तिथेच संपतो. बलून आलं ते १९५६ सालच्या इंग्रजी चित्रपटातून. तेव्हापासून ते इतक्या मुखपृष्ठांवर चढलं, की पुस्तक न उघडणाऱ्यालाही ते ‘आठवतं’.

त्या दिवसानंतर मी परीक्षण लिहायला खऱ्या अर्थाने शिकले. आता वाचनालयाच्या वाचक गटात नवीन लिहिणारे येतात, तेव्हा पहिला सराव म्हणून मी त्यांना हीच कादंबरी देते. ती छोटी आहे, वेगवान आहे, आणि तिच्यात परीक्षकाला अडकवणाऱ्या जागा भरपूर आहेत. त्यांना जे तोंडी सांगते, तेच इथे क्रमाने लिहिते आहे.

आधी ठरवा: नक्की काय लिहायचंय?

आपल्याकडे पुस्तकावर लिहिण्याचे तीन प्रकार सर्रास एकमेकांत मिसळतात. ‘परिचय’ म्हणजे पुस्तक कशाबद्दल आहे, कोणाचं आहे, कुठे मिळेल हे सांगणं. ‘रसग्रहण’ म्हणजे जे आवडलं ते का आवडलं हे उलगडून दाखवणं. शाळेत आपण कवितेचं करतो ते हेच, आणि त्यात दोष काढण्याची फारशी अपेक्षा नसते. ‘परीक्षण’ या दोन्हीपेक्षा वेगळं आहे. त्यात निवाडा लागतो, आणि निवाड्याला पुरावा लागतो.

नवीन लिहिणाऱ्यांची निम्मी परीक्षणं म्हणजे मुळात लांबलेला परिचय असतो. दोन पानं गोष्ट आणि शेवटी ‘प्रत्येकाने आवर्जून वाचावं असं पुस्तक’ ही एक ओळ. ही ओळ आजपासून वापरायचीच नाही, असं ठरवा. ती काढली की तिच्या जागी खरं काहीतरी लिहावं लागतं.

जवळ काय हवं

- पूर्ण, न कापलेली प्रत. शक्य असेल तर दुसऱ्या भाषेतली एक प्रत पडताळणीसाठी.
- जगाचा नकाशा. अक्षांश-रेखांश छापलेला शाळेचा नकाशासंग्रह पुरतो.
- एक वही, त्यात आखलेला तक्ता. कसा आखायचा ते पायरी २ मध्ये सांगते.
- पेन्सिल. वाचनालयाची प्रत असेल तर पानावर खुणा करू नका, चिठ्ठ्या घाला.
- पुस्तक न वाचलेलं, पण वाचनाची आवड असलेलं घरातलं एक माणूस. त्याचं काम शेवटी आहे.

पायरी १. हातातली प्रत तपासा

मूळ फ्रेंच कादंबरी १८७२ मध्ये ६ नोव्हेंबर ते २२ डिसेंबर या काळात ‘ल ताँ’ या पॅरिसच्या दैनिकात क्रमशः छापून आली आणि १८७३ च्या जानेवारीत पुस्तकरूपाने निघाली. या तारखा पाठ करण्यासाठी सांगत नाही. कादंबरीतला प्रवास २ ऑक्टोबर १८७२ ला सुरू होतो आणि २१ डिसेंबरला संपायचा असतो. म्हणजे फॉग ज्या दिवसांत जगभर धावत होता, जवळपास त्याच दिवसांत पॅरिसचा वाचक रोजच्या पेपरात त्याची धाव वाचत होता. आज आपण क्रिकेटचा स्कोअर बघतो तसा. परीक्षणात हे एक वाक्य आलं तरी कादंबरीचा वेग कुठून येतो हे वाचकाला कळतं.

मराठीत ज्यूल व्हर्न रुजवण्याचं मोठं काम ‘फास्टर फेणे’चे लेखक भा. रा. भागवत यांनी केलं. पण मुलांसाठी म्हणून बाजारात मिळणाऱ्या कितीतरी प्रती संक्षिप्त असतात. आतल्या पानावर ‘अनुवाद’, ‘रूपांतर’ की ‘संक्षिप्त रूपांतर’ असं छापलंय ते आधी बघा. तिथे काहीच नसेल तर या तीन खुणा शोधा:

पहिली, पूर्ण कादंबरीत ३७ प्रकरणं आहेत. दुसरी, सुरुवातीलाच फॉगने आधीच्या नोकराला काढून टाकलेलं असतं, कारण त्याने दाढीसाठी आणलेलं पाणी ८६ ऐवजी ८४ अंश फॅरनहाइट होतं. तिसरी, बऱ्हाणपूरला गाडी थांबते तेव्हा पासपार्तू खोट्या मोत्यांच्या सपाता विकत घेतो. संक्षेप करणारे सहसा या सपाता कापतात. पण त्या नसतील तर पुढे कलकत्त्याच्या कोर्टातल्या प्रसंगाची मजा अर्धी होते, कारण तो सगळा खटला बुटांचा आहे.

संक्षिप्त प्रत वाचली असेल तर तसं परीक्षणात स्पष्ट लिहा. त्यात कमीपणा नाही. पण कापलेली प्रत वाचून ‘व्हर्न पात्रांच्या मनात शिरत नाही’ असं लिहिणं हा अन्याय आहे.

इंग्रजी येत असेल तर टाउल यांचा १८७३ चा अनुवाद हक्कमुक्त आहे आणि इंटरनेटवर फुकट वाचता येतो. मराठी वाक्याबद्दल शंका आली की मी त्यातलं तेच ठिकाण उघडते.

पायरी २. दोनदा वाचा, दुसऱ्यांदा हिशोब मांडून

पहिलं वाचन फक्त गोष्टीसाठी. वही बंद. फॉग क्लबात पत्ते खेळता खेळता पैज लावतो, त्याच रात्री ८ वाजून ४५ मिनिटांच्या गाडीने निघतो, बँकेवर दरोडा घालणारा चोर तोच असावा म्हणून गुप्तहेर फिक्स त्याच्या मागे लागतो. हे सगळं एका दमात वाचून काढा.

दुसऱ्या वाचनाला वही उघडा. फॉगकडे स्वतःची एक टाचणवही आहे. तिच्यात प्रत्येक ठिकाणी पोचायची ठरलेली तारीख लिहिलेली असते आणि तो पोचल्यावर किती कमावलं, किती गमावलं ते मांडतो. तुम्हीही तसाच तक्ता आखा: ठिकाण, ठरलेली तारीख, प्रत्यक्ष तारीख, शिल्लक किंवा तूट. शेजारी एक रकाना पैशांचा ठेवा.

सुरुवातीच्या चार ओळी अशा भरतील:

- सुएझ: ठरलेली ९ ऑक्टोबर, पोचला ९ ऑक्टोबर. शिल्लक नाही, तूट नाही.
- मुंबई: ठरलेली २२ ऑक्टोबर, पोचला २० ऑक्टोबर. दोन दिवस शिल्लक.
- कलकत्ता: ठरलेली २५ ऑक्टोबर, पोचला २५ ऑक्टोबर. शिल्लक संपली.
- हाँगकाँग: ठरलेली ५ नोव्हेंबर, पोचला ६ नोव्हेंबर. एक दिवस तूट.

हा तक्ता मी पहिल्यांदा भरला, तेव्हा तिसऱ्या ओळीवर हात थांबला. मुंबईला हातात आलेले दोन दिवस कुठे गेले? काही वेळ हत्तीवरच्या प्रवासात गेला. उरलेला एका अनोळखी बाईला चितेवरून सोडवण्यात. तिला वाचवायचं ठरतं त्या क्षणी फॉग म्हणतो, माझ्याकडे अजून बारा तास शिल्लक आहेत, ते मी यासाठी देऊ शकतो. बरोबरचा इंग्रज अधिकारी सर फ्रान्सिस क्रोमार्टी चकित होऊन म्हणतो, म्हणजे तुम्हाला हृदय आहे तर! त्यावर फॉगचं उत्तर: “असतं कधी कधी. वेळ असला तर.”

मग कलकत्त्याला पोचल्यावर व्हर्न नोंदवतो, की मिळवलेले दोन दिवस गेले, पण फॉगला त्याची खंत वाटली असेल असं समजू नका.

लहानपणी मी हे प्रकरण हत्तीसाठी वाचलं होतं. तक्ता मांडल्यावर कळलं, की ज्याला सगळे घड्याळ समजतात त्या माणसाने आपली पहिली कमाई कशावर खर्च केली, हे लेखकाने तारखांमधूनच सांगितलंय. फॉग पुढेही स्वतःबद्दल फार बोलत नाही. त्याचं बोलणं रकान्यांमध्येच आहे. कादंबरी ‘कोरडी’ आहे असं म्हणण्याआधी हा तक्ता एकदा भराच. इतर कुठलीही पायरी गाळली तरी चालेल, ही गाळू नका.

पायरी ३. त्या काळचं खरं काय होतं ते बघा

पैज शक्य वाटते ती तीन कामांमुळे. अमेरिकेला आडवा छेदणारा लोहमार्ग मे १८६९ मध्ये जोडला गेला, सुएझ कालवा त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये खुला झाला, आणि आल्प्सच्या पोटातला मों सनीचा बोगदा १८७१ मध्ये सुरू झाला. म्हणजे दहा वर्षं आधी ही कादंबरी निव्वळ कल्पनारंजन ठरली असती.

आपल्याकडचा दुवा जास्त गमतीचा आहे. कादंबरीत मुंबईहून निघालेली गाडी खोल्बी नावाच्या ठिकाणी थांबते आणि गार्ड सांगतो की पुढे रूळच नाहीत, वर्तमानपत्रांनी चुकीची बातमी दिली. अलाहाबादपर्यंत पन्नास मैलांची सोय आपापली बघा. प्रत्यक्षात मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जबलपूरमार्गे मार्च १८७० मध्येच जोडला गेला होता. माझं वाचन असं, की व्हर्नला हत्ती हवा होता आणि हत्तीसाठी ही तूट हवी होती. तुमचं वाचन वेगळं असू शकेल. पण ‘लेखकाने त्या काळचं अचूक चित्रण केलंय’ असं वाक्य लिहिण्याआधी ही एक गोष्ट तरी ठाऊक असू द्या.

जमलं तर एक ओळ नेली ब्लाय या अमेरिकन पत्रकार बाईंवर लिहा. १४ नोव्हेंबर १८८९ ला त्या एकट्या निघाल्या, वाटेत आमियाँला जाऊन खुद्द व्हर्नला भेटल्या आणि ७२ दिवसांत जगाची फेरी पूर्ण करून आल्या. एलिझाबेथ बिसलंड नावाच्या दुसऱ्या पत्रकार बाई त्याच दिवशी उलट दिशेने निघाल्या होत्या, त्यांना ७६ दिवस लागले. कादंबरीतल्या पैजेची प्रत्यक्षात शर्यत झाली ती अशी.

पायरी ४. हिंदुस्थानच्या प्रकरणांपाशी थांबा

मराठी वाचकासाठी लिहिताय, तर तुमच्या परीक्षणाचं खरं काम इथे आहे. फ्रेंच किंवा इंग्रज परीक्षक ज्या जागा सहज ओलांडून जातो, तिथे आपल्याला ठेच लागते. ती ठेच लिहा.

गाडी ठाण्यावरून जाते, घाट चढते, नाशिक येतं, मालेगावचा उल्लेख येतो, वेरूळ आणि औरंगाबाद जवळच असल्याचं लेखक सांगतो. आपल्या ओळखीची इतकी नावं एका फ्रेंच पुस्तकात सापडल्यावर कोणालाही आनंद होईल. मला अजूनही होतो. पण व्हर्न कधी हिंदुस्थानात आला नव्हता. त्याने हा प्रदेश वाचून रचला. ते कुठे जमलं आणि कुठे फसलं हे बघायला आपल्याइतकी सोय दुसऱ्या कोणाला नाही.

मुंबईत पासपार्तू रस्त्यावर पारशांचा उत्सव बघतो आणि त्यात गुलाबी जाळीदार वस्त्रं नेसलेल्या नर्तकी नाचत असतात. मग तो बूट घालून मलबार हिलवरच्या देवळात शिरतो, पुजारी त्याला बडवतात आणि तो अनवाणी पळत स्टेशन गाठतो. चितेवरून सोडवलेली औदा मुंबईच्या श्रीमंत व्यापाऱ्याची मुलगी आहे, पारशी आहे, आणि तिचं लग्न बुंदेलखंडच्या म्हाताऱ्या राजाशी तिच्या मनाविरुद्ध लावून दिलेलं आहे. तिला सती पाठवायला निघाले आहेत. हत्ती हाकणारा माहूतसुद्धा पारशीच.

आता विचार करा. पारशी समाजात सतीची चाल नाही. मृतदेह जाळणं हेच मुळात त्यांच्या धर्माला मान्य नाही, त्यासाठी दोखमा, म्हणजे मृतदेह गिधाडांसाठी ठेवायचा उघडा मनोरा, असतो. आणि मुंबईचा दोखमा आहे कुठे? त्याच मलबार हिलवर, जिथे पासपार्तूचे बूट गेले. लेखकाने त्या टेकडीवर आपला माणूस नेला, पण औदाच्या लोकांची ती जागा त्याला दिसली नाही. मला वाटतं, युरोपच्या वाचकाला नायिका ‘आपल्यासारखी’ वाटावी म्हणून तिला पारशी केलं, इंग्रजी शिकवलं, गोरी केलं, आणि थरार हवा म्हणून तिला चितेवर चढवलं. दोन्ही गोष्टी एका व्यक्तीत बसत नाहीत.

इथे नवीन परीक्षक दोनपैकी एका खड्ड्यात पडतो. एक तर रागावून संपूर्ण कादंबरी फेकून देतो, नाहीतर ‘तो काळच तसा होता’ म्हणून पुढे जातो. दोन्ही पळवाटा आहेत. बेंटिंकचा सतीबंदीचा कायदा १८२९ चा, आणि ही गोष्ट घडते १८७२ मध्ये. दूरच्या संस्थानांत सरकारचा हात पोचत नाही असं कादंबरीतलं पात्र सांगतं. ते लिहा. कालीच्या मूर्तीकडे बघून पासपार्तू जे बोलतो ते आज खटकतं, तेही लिहा. पुढे अमेरिकेत आगगाडीवर हल्ला करणारे सू या मूळ अमेरिकन जमातीचे लोक गर्दी म्हणून येतात आणि गर्दी म्हणूनच जातात, हेही याच मापाने मोजा. आपल्यापुरती दुखरी जागा दाखवायची आणि दुसऱ्याची सोडून द्यायची, असं करू नका.

आणि जे जमलंय त्याला दाद द्या. मुंबईच्या स्टेशनातला जेवणाचा प्रसंग घ्या. फॉग शहर बघायला बाहेर पडत नाही. तिथेच जेवायला बसतो. मालक त्याला ‘इथला खास ससा’ म्हणून रस्सा वाढतो. चव घेऊन फॉग त्याला बोलावतो आणि विचारतो, हा ससा मारताना म्याँव तर म्हणाला नाही ना? मालक शपथा घ्यायला लागतो. फॉग म्हणतो, शपथ घेऊ नका, एवढं लक्षात ठेवा: एके काळी तुमच्या देशात मांजरं पवित्र मानत. तो काळ चांगला होता. मालक विचारतो, मांजरांसाठी? फॉग म्हणतो, कदाचित प्रवाशांसाठीही. चेहऱ्यावरची रेषाही न हलवता बोलणारा फॉग या एका पानात जितका दिसतो, तितका त्याच्या लांबलचक वर्णनातही दिसत नाही. उतारा द्यायचा असेल तर असा द्या. पाच-सहा ओळींपेक्षा मोठा नको.

पायरी ५. माणसं

ही पायरी थोडक्यात आटपते, कारण तक्ता नीट भरला असेल तर फॉगबद्दलचं बरंचसं काम झालेलंच आहे. पासपार्तूकडे मात्र लक्ष द्या. परीक्षणांत त्याला ‘विनोदी नोकर’ म्हणून एका ओळीत संपवतात. औदाला चितेवरून प्रत्यक्ष उचलून आणतो तो पासपार्तू. धावत्या गाडीच्या डब्यांखालून सरपटत जाऊन इंजिन सोडवतो तोही पासपार्तूच. फॉग वेळ देतो, पैसा देतो. जीव पणाला लावतो तो बहुतेक वेळा नोकर. फिक्सबद्दल एवढंच सांगते: त्याला खलनायक म्हणू नका. तो चुकीच्या माणसामागे प्रामाणिकपणे धावणारा सरकारी नोकर आहे, आणि व्हर्नने त्याला तसंच वागवलंय.

पायरी ६. शेवट न सांगता शेवटाबद्दल लिहा

माझ्या दुसऱ्या परीक्षणात मी शेवट सांगून टाकला होता. गटातल्या बारा वर्षांच्या मुलाने अंक वाचला आणि पुस्तक कपाटात परत ठेवलं. “आता काय उरलं?” एवढंच म्हणाला. दीडशे वर्षं जुनं पुस्तक असलं तरी त्या मुलासाठी ते त्याच आठवड्यात निघालेलं होतं. ते माझ्या अजून मनात आहे.

मग शेवटाचं कौतुक करायचं कसं? वाचकाला जागा दाखवा, उत्तर देऊ नका. उदाहरणार्थ, पासपार्तूच्या घड्याळाबद्दल लिहा. वाडवडिलांकडून आलेलं ते घड्याळ लंडनच्या वेळेवर चालतं. सुएझला फिक्स त्याला सांगतो, तुमचं घड्याळ इथल्यापेक्षा दोन तास मागे आहे, जिथे जाल तिथे दुपारी बाराला लावून घ्या. पासपार्तू ठाम नकार देतो. मग ते सूर्याशी जुळणार नाही, असं फिक्स म्हणतो. पासपार्तू म्हणतो, तर मग सूर्याचं चुकलं! एवढं लिहून थांबा. ‘या घड्याळावर लक्ष ठेवा’ असं म्हणा. वाचक शेवटाला पोचेल तेव्हा त्याला तुमची आठवण होईल.

शेवटाची चिकित्सा करायचीच असेल तर आधी सूचना द्या आणि तो भाग वेगळा काढा. मी इथे तसंच करते.

*कादंबरी वाचली नसेल तर पुढचे तीन परिच्छेद सोडा आणि थेट पायरी ७ वर जा.*

पूर्वेकडे जाताना प्रत्येक रेखांशाला चार मिनिटं मिळतात. ३६० गुणिले ४ म्हणजे १४४० मिनिटं, पूर्ण एक दिवस. फॉग स्वतःच्या मोजणीने २१ डिसेंबरला पाच मिनिटं उशिरा पोचतो. लंडनच्या कॅलेंडरवर मात्र तेव्हा २० तारीख असते.

हा उलगडा सुंदर आहे, पण त्यात एक भोक आहे आणि परीक्षकाने ते दाखवायला हवं. पॅसिफिक ओलांडल्यावर फॉग सॅन फ्रान्सिस्कोला उतरतो, अमेरिकेतून आठवडाभर आगगाडीने जातो, न्यूयॉर्कला वेळापत्रकावर चालणारी बोट गाठायला धावतो. इतक्या दिवसांत एकाही वर्तमानपत्रावरची, एकाही तिकिटावरची तारीख त्याला दिसली नाही? गाड्या-बोटींची वेळापत्रकं ज्याला तोंडपाठ, तो हे चुकवेल? त्या वेळी सगळ्या देशांनी मिळून मान्य केलेली वाररेषा नव्हती, हे खरं. ग्रीनिचचा रेखांश मूळ मानायचं ठरलं तेच १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेत. पण त्याने न्यूयॉर्कच्या बंदराची अडचण सुटत नाही. माझा निवाडा असा: भोक आहे, पण आधी दोनशे पानं लेखकाने आपल्याला फॉगच्याच वहीतून तारखा वाचायला लावलेल्या असतात, म्हणून ते पहिल्या वाचनात कोणालाच दिसत नाही.

पैशांचा रकानाही इथेच पूर्ण करा. वीस हजार पौंडांची पैज जिंकायला फॉगचे सुमारे एकोणीस हजार खर्च होतात. उरलेले हजार तो पासपार्तू आणि फिक्स यांच्यात वाटून टाकतो. मात्र पासपार्तूच्या वाट्यातून गॅसचं बिल कापतो, कारण निघताना तो आपल्या खोलीतला गॅस बंद करायला विसरला होता. १९२० तास जळाला. ८० गुणिले २४. हृदय असलेला फॉग आणि हिशोबी फॉग या एका वजाबाकीत शेजारी शेजारी उभे राहतात.

पायरी ७. आता लिहा

आठशे ते हजार शब्द पुरे. गोष्टीला त्यातले दीडशेच द्या. सुरुवात ‘ज्यूल व्हर्न यांचा जन्म १८२८ साली नाँत येथे झाला’ अशी करू नका. ते खरं आहे, पण त्यासाठी कोणी परीक्षण वाचत नाही. तुम्हाला पुस्तकात जिथे थांबावंसं वाटलं तिथून सुरुवात करा.

फरक कळावा म्हणून दोन परिच्छेद देते. पहिला, नेहमी येतो तसा:

‘हिंदुस्थानातील प्रवासाचे वर्णन लेखकाने अतिशय रोमहर्षक केले आहे. हत्तीवरील प्रवास वाचताना अंगावर रोमांच उभे राहतात. फॉग हा अत्यंत दयाळू आहे हे यातून दिसते.’

आता तोच मुद्दा, पुराव्यासह:

‘हत्तीसाठी फॉग दोन हजार पौंड मोजतो. भाव करताना तो जराही अस्वस्थ होत नाही, अस्वस्थ होतो पासपार्तू. पैसा फॉगला सुटतो, मिनिट सुटत नाही. म्हणून पुढच्याच प्रकरणात तो एका परक्या बाईसाठी बारा तास देऊ करतो, तेव्हा त्या बारा तासांची किंमत आपल्याला हत्तीपेक्षा जास्त वाटते.’

दुसऱ्या परिच्छेदात ‘अतिशय’, ‘अत्यंत’ हे शब्द नाहीत, आणि ते आठवतही नाहीत.

अनुवादाबद्दल किमान एक परिच्छेद लिहाच. अनुवादक नावापुरता छापायचा आणि भाषेचं श्रेय मूळ लेखकाला द्यायचं, ही आपल्याकडची वाईट सवय आहे. मराठी वाक्यं बोलता येतात का, फॉगचा तुटक स्वर आणि पासपार्तूची बडबड वेगळी ऐकू येते का, पौंड आणि मैल तसेच ठेवलेत का, हे बघा. नावं हातातल्या प्रतीत छापली असतील तशीच लिहा. एकाच लेखात पासपार्तू, पासपार्टू आणि पासपोर्तू असे तिघे फिरताना मी पाहिलेत.

शेवटी चौकटीत ही माहिती द्या: पुस्तकाचं नाव, मूळ लेखक, अनुवादक, प्रकाशक, आवृत्ती, पृष्ठसंख्या, किंमत. संपादक हे विसरलेलं परीक्षण हमखास परत पाठवतात.

पायरी ८. पाठवण्याआधी

एक संध्याकाळ तरी मजकूर बाजूला ठेवा. मग पुस्तक शेजारी घेऊन बसा आणि परीक्षणातल्या प्रत्येक नावापुढे, आकड्यापुढे, प्रसंगापुढे पेन्सिलीने प्रकरणाचा क्रमांक लिहा. जिथे क्रमांक लिहिता येत नाही ती ओळ काढा. माझं बलून या एका पायरीने पकडलं असतं.

नेहमी चुकणाऱ्या जागा:

- चित्रपटातले प्रसंग पुस्तकात घुसवणं. बलून हा त्यातला सगळ्यात मोठा.
- फॉगने प्रवासाची हौस म्हणून फेरी मारली असं लिहिणं. तो बहुतेक ठिकाणी केबिनबाहेरही येत नाही.
- ‘विज्ञानकथा’ म्हणणं. व्हर्नच्या इतर काही पुस्तकांना ते लागू होईल. यात एकही यंत्र त्या काळाच्या पुढचं नाही.
- हाँगकाँगहून फॉग आणि पासपार्तू एकाच बोटीने जातात असं समजणं. पासपार्तू ‘कर्नाटिक’ने जातो, फॉग ‘तांकादेर’ या छोट्या शिडाच्या नावेने. हे चुकलं की पुढचा योकोहामाचा सगळा भाग चुकतो.

यानंतर मजकूर घरातल्या त्या माणसाच्या हातात द्या, ज्याने पुस्तक वाचलेलं नाही. काही समजावू नका, स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवा. तो वाचून बाहेर आला आणि ‘छान लिहिलंयस’ म्हणाला, तर पुन्हा लिहायला बसा. ‘त्या घड्याळाचं पुढे काय होतं?’ असं विचारलं, तर उत्तर देऊ नका. पुस्तक कोणत्या कपाटात आहे ते सांगा, आणि परीक्षण पाठवून द्या.